स्वस्तात घेतलेला गेम किती काळ आपला?

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला संगणकावरील गेमचा नाद आहे आणि पैसे आमच्याकडूनच जातात. सध्या सात गेमचा एक बंडल १,२०० रुपयांना मिळत असून त्यांची मूळ किंमत ९,००० रुपयांच्या घरात असल्याचे तो सांगतो. मात्र त्यांतले दोनच गेम त्याला हवे आहेत. त्याचा मित्र दरमहा वर्गणी भरून शेकडो गेम खेळतो. आम्ही काय करावे?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ९,००० चा आकडा आधी बाजूला ठेवावा, कारण जरा जुना झालेला गेम छापील किमतीला सहसा कोणी घेत नाही. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठे सेल लागतात व तेव्हा असे कित्येक गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. ‘इज देअर एनी डील’ या संकेतस्थळावर गेमचे नाव टाकले की तो आजवर किती खाली आला होता, हे दिसते. समजा, आपल्या मुलाला हवे असलेले दोन गेम यापूर्वी ३५० आणि ४०० रुपयांना मिळून गेले असतील, तर उरलेल्या पाचांसाठी आपण ४५० रुपये मोजत आहात, एवढाच हिशेब उरतो. द्राक्षांची पेटी घेताना वरचे घड उचलून खालचा थर पाहावा, हे नाशिककरांना मी काय सांगावे? त्या पाचांतला एखादा तो खरोखर खेळणार असेल, तर बंडल जरूर घ्यावा.

मात्र बंडल कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारून घ्यावे. स्टीमच्या स्वतःच्या बहुतेक बंडलांत एखादा गेम आपल्याकडे आधीच असेल, तर त्याची किंमत वजा होते. २०१० मध्ये सुरू झालेल्या हंबल बंडलसारख्या ठिकाणी मात्र ‘की’, म्हणजे खात्यात गेम उघडणारा सांकेतिक क्रमांक मिळतो आणि आपल्याकडे असलेल्या गेमचेही पैसे त्यात धरलेले असतात. तिथल्या रकमेचा काही भाग धर्मादाय कामाला जातो, ही चांगली बाजू; पण व्यवहार डॉलरमध्ये झाला, तर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वर बसते. स्टीमवर थेट घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परत करता येतो. बाहेरून आणलेल्या कीला ही सोय नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : गेम पूर्ण किमतीला घेतला आणि लगेच सेल लागला, तर तो परत करून सवलतीत पुन्हा घेण्यास स्टीमची हरकत नसते.

कुणीही आपली की विकू शकेल अशा बाजारांपासून मात्र दूर राहावे. अशाच एका ठिकाणाहून मी निम्म्या भावात की घेतली होती. ती दुसऱ्या देशापुरती असल्याने भारतातल्या खात्यावर चाललीच नाही, आणि विक्रेत्याने तीन ईमेलांनंतर उत्तर देणेही सोडले.

आता वर्गणीविषयी. पीसी गेम पाससारख्या योजनेत आपण गेम विकत घेत नाही, भाड्याने घेतो. वर्गणी थांबली की गेम बंद, आणि वर्गणी चालू असतानाही काही गेम यादीतून निघून जातात. सत्र चालू असताना मुलाला आठवड्याला जेमतेम तीन तास मिळत असतील, तर दरमहा पैसे भरण्यात अर्थ नाही. परीक्षा संपल्यावर एखादा महिना वर्गणी घ्यावी, मनसोक्त खेळू द्यावे, आणि पैसे भरले त्याच दिवशी पुढील नूतनीकरण रद्द करून ठेवावे, कारण महिनाअखेरीस ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

विकत घेतलेला गेमही पूर्णपणे आपला असतोच असे नाही. स्टीमवर आपल्याला वापराचा परवाना मिळतो आणि तो खात्याशी बांधलेला असतो. पोलंडमधील गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवणारी फाइल, मात्र उतरवून हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतो आणि एकट्याने खेळायच्या गेमला पुढे इंटरनेटही लागत नाही. पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम दोन्हीकडे असेल, तर मी थोडे जास्त देऊनही तिथून घेईन.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सेलमध्ये मोठा गेम घेऊन ठेवावा का?
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : घेऊन ठेवू नये. आपण नवा संगणक घेईपर्यंत त्या गेमची किंमत आणखी उतरलेली असेल. शिवाय असे गेम १०० जीबीपर्यंत जागा खातात. मोबाइलच्या डेटावर ते उतरवणे म्हणजे कित्येक दिवसांचे काम. एपिक गेम्स स्टोअरवर दर आठवड्याला गेम फुकट मिळतात, त्यांतले हलके गेम खात्यात जमा करत जावेत. गॉगवरचे जुने गेमही या लॅपटॉपवर बहुधा व्यवस्थित चालतील. खरेदीपूर्वी पानाच्या तळाशी दिलेली किमान आवश्यकता तेवढी वाचून घ्यावी.