वाचकांचे प्रश्न : सीबीसीचा रिपोर्ट आणि शेजारचा रकाना

प्रश्न : आमच्या घरातील तिघांची सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी करणारी तपासणी) एकाच दिवशी झाली. माझे हिमोग्लोबिन 11.6 आले (वय 32) आणि माझ्या चार वर्षांच्या मुलाचेही नेमके 11.6 आले. सासऱ्यांचे (वय 71) 12.4 आहे. तिन्ही कागदांवर शेजारच्या रकान्यात ‘13 ते 17’ असे छापलेले असून तिघांच्याही आकड्यापुढे खूण आहे. मुलाच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 52 टक्के असून त्यापुढेही ‘जास्त’ असे लिहिले आहे. आम्ही सर्वांनीच लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्वांनी नको, आणि मुलाने तर मुळीच नको. तुमच्या कागदांवर छापलेली मर्यादा प्रौढ पुरुषाची आहे. लॅबच्या संगणकात वय आणि लिंग नीट नोंदवले नाही, तर तीच मर्यादा सर्वांच्या रिपोर्टवर उमटते. त्यामुळे आकडा वाचण्याआधी तो रकाना कोणासाठी आहे, हे पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन 100 मिलिलिटर रक्तात 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तरच त्यास रक्तक्षय म्हणतात. पाच ते अकरा वर्षांसाठी ही रेषा 11.5, बारा ते चौदा वर्षांसाठी 12, त्यापुढे स्त्रियांसाठी 12 आणि पुरुषांसाठी 13 आहे. म्हणजे मुलाचे 11.6 त्याच्या वयाला योग्य आहे, तुमचे तेच 11.6 मात्र सौम्य रक्तक्षय दाखवते. तुम्ही गर्भवती असाल, तर हाच आकडा पुन्हा योग्य ठरेल, कारण गरोदरपणात रक्तातील द्रवभाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो आणि रक्त पातळ होते. म्हणून पहिल्या व शेवटच्या तिमाहीत 11 आणि मधल्या तिमाहीत 10.5 ही रेषा धरली जाते.

स्त्री-पुरुषांतील फरक जन्मापासून नसतो. वयात येताना मुलांमधील टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. मुलींमध्ये तशी वाढ होत नाही, शिवाय दरमहा पाळीतून लोह जाते. तान्ह्या बाळाची गोष्ट तर आणखी वेगळी असते. जन्मतः 16-17 ग्रॅम असलेले हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांत 10-11 पर्यंत, क्वचित 9 पर्यंतही उतरते, कारण गर्भाशयापेक्षा बाहेर भरपूर प्राणवायू मिळू लागल्याने नव्या पेशी तयार करण्याची घाई शरीराला उरत नाही. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही घट नैसर्गिक असते आणि ती पाहून घाबरलेल्या आजीची समजूत काढणे, हे बालरोगतज्ज्ञांचे नेहमीचेच काम आहे.

मुलाच्या लिम्फोसाइटबद्दलही चिंता नको. पहिल्या आठवड्यानंतर साधारण चार-पाच वर्षांपर्यंत पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइटच अधिक असतात, पुढे न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांना मागे टाकतात. त्यामुळे चौथ्या वर्षी 50 टक्क्यांच्या आसपासचा आकडा अपेक्षितच आहे. पांढऱ्या पेशींची एकूण संख्याही लहानपणी जास्त असते: प्रौढांत 4 ते 11 हजार, तर या वयात 15 हजारांपर्यंत चालते. प्लेटलेटची मर्यादा मात्र बहुतेक सर्व वयांत दीड ते साडेचार लाख अशीच राहते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही मर्यादा ठरवताना निरोगी माणसांपैकी मधले 95 टक्के धरले जातात, म्हणजे शंभरातील पाच निरोगी माणसे प्रत्येक तपासणीत रेषेबाहेर पडणारच. सीबीसीत वीसेक आकडे असतात. त्यातला एखादा किंचित बाहेर गेला, तर तो आजारच असतो असे नाही.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत गोळ्यांआधी त्याच कागदावरील एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, पाहा. तो 80 पेक्षा कमी असेल, तर लोहाची कमतरता संभवते आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासल्यास ती स्पष्ट होते. परंतु एमसीव्ही बराच कमी असूनही तांबड्या पेशींची संख्या 50 लाखांच्या वर असेल, तर थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो. त्यासाठी हिमोग्लोबिन ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजतात. ते साडेतीन टक्क्यांहून अधिक आल्यास शंका बळावते. केवळ या स्थितीमुळे हिमोग्लोबिन कमी असेल, तर लोहाच्या गोळ्यांनी ते वाढत नाही, आणि पुढील अपत्याचा विचार असल्यास पतीचीही तपासणी करणे आवश्यक ठरते, कारण दोघांतही हा दोष असल्यास अपत्यास गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो.

प्रश्न : सासऱ्यांना ‘या वयात एवढे चालते’ असे सांगण्यात आले. ते बरोबर आहे का?
– त्याच वाचक

उत्तर : नाही. वृद्धांसाठी निकष शिथिल केलेला नाही. पुरुषांसाठी 13 ही रेषा 71 व्या वर्षीही लागू आहे. या वयात थोडे हिमोग्लोबिन कमी आढळणे सर्रास असले, तरी त्यामागे बहुधा कारण सापडते: बी-12 ची कमतरता, मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे, जुनाट दाह, किंवा पोटात, आतड्यांत नकळत होणारा रक्तस्राव. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेत असतील किंवा गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या सुरू असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मागील वर्षाचा रिपोर्ट असल्यास तोही सोबत न्या, कारण 14.5 वरून 12.4 पर्यंतची घसरण ही वर्षानुवर्षे 12.4 वरच असण्यापेक्षा गंभीरपणे घ्यावी लागते. फेरिटिन, बी-12, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी तपासणी) आणि गरजेनुसार शौचातील रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्याआधीच लोहाचे टॉनिक सुरू केल्यास आकडा वर येऊ शकेल, पण रक्त कोठून जात आहे, हे कळण्यास विलंब होईल.