सुदान एकदम गायब कसा झाला?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचे जावई खार्टूमला नोकरीला होते. एप्रिल २०२३ मधे तिथे लढाई पेटली तेव्हा आपल्या सरकारच्या सुटका मोहिमेत, ऑपरेशन कावेरीत, पोर्ट सुदानहून जेद्दा आणि तिथून घरी आले. तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र सुदानच. आता तिथे काय होऊन राहिलंय ते कुठेच दिसत नाही. आमचे हे म्हणतात, खोटं तर कोणी छापलं नाही ना, मग पक्षपात कसला? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : ताई, खोटं न छापताही पक्षपात होतो, आणि तो पकडणं जास्त अवघड, कारण जे वाचलंच नाही त्यावर भांडणार कसं. आपली माणसं परत आली तशी आपल्याकडची बातमी संपली, पण लढाई कुठे संपली होती? एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून पळाले, ऑगस्ट २०२४ मधे दारफुरमधल्या झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला, शेजारचं अल फाशर शहर दीड वर्ष वेढ्यात राहून ऑक्टोबर २०२५ मधे पडलं. यातलं किती तुमच्यापर्यंत पोचलं?

हे होतं कसं ते मी आतून पाहिलंय. १९९४ च्या एप्रिलमधे मी इथेच एका पेपरात नाइट डेस्कला होते. परदेशाच्या पानाला मजकूर एजन्सीचाच, टेलिप्रिंटरवर कागदाची गुंडाळी सरकत असायची आणि त्यातून काय घ्यायचं ते आम्ही दोघंतिघं ठरवायचो. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेची निवडणूक, मंडेलांचा फोटो मोठा लावायचा होता, आणि रात्री अकराला जाहिरात आली की तळाची बातमी पडायची. रवांडाची बातमी मी स्वतः दोनदा काढली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली तिथे. मला कोणी दाब दिला नव्हता, फक्त 'आपल्या वाचकाला काय त्याचं' असं वाटलं, आणि ते चूकच होतं, आजही डाचतं.

पण प्रत्येक वेळी नुसती जागाच कमी असते असंही नाही. बातमी छापतात आणि तिच्यातला एक माणूस गाळतात, ते मला जास्त वाईट वाटतं. सुदानचं सैन्य आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्या या लढाईबद्दल "दोन सेनापतींची भांडणं" एवढंच लिहिलं की शस्त्रं कोण पुरवतं हा प्रश्नच उरत नाही. सुदानने २०२५ मधे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात यूएईवर (दुबई ज्या देशात ते) केस केली, की बंडखोर आरएसएफला मदत तुमची. यूएईने साफ नाकारलं, आणि कोर्टाने मे महिन्यात अधिकारक्षेत्र नाही म्हणून केस काढून टाकली, म्हणजे आरोप खरा की खोटा हे तपासलंच गेलं नाही. शस्त्रांना पैसा लागतो, आणि सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात जातं, आपल्या किती घरांतली मुलं दुबईत आहेत, मग सराफ्यात बसणाऱ्या माणसाचा याच्याशी संबंध नाही असं कसं म्हणायचं?

तुमच्या ह्यांना सांगा, बातमी वाचून झाली की एकदा विचारायचं, यात बोललं कोण आणि कोणाला बोलूच दिलं नाही.

आणि एक विनंती. जावईबापूंचे तिथले सुदानी सहकारी असतीलच, त्यांचे फोन अजून लागतात का विचारा. जे कळेल ते लिहून पाठवा, नावं गाळून याच सदरात छापू.