पाचवीतल्या मुलाच्या गणितासाठी अकरावीतली, सोळा वर्षांची मुलगी शिकवणीला ठेवावी का?

हो, खुशाल ठेवा; पाचवीच्या गणिताला अकरावीतली मुलगी पुरते आणि कायद्याचीही आडकाठी नाही. बालकामगार कायद्यात (1986, दुरुस्ती 2016) चौदा वर्षांखालच्यांना कामाला ठेवायला बंदी आहे. 14 ते 18 वयोगटाला मनाई आहे ती धोकादायक कामांची. शिक्षक पदवीधरच हवा, ही केंद्राची 2024 ची अट कोचिंग सेंटरसाठी आहे, घरच्या शिकवणीसाठी नव्हे. मात्र मुलगी अल्पवयीन असल्याने तिच्याशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे फी, वेळ, सुट्ट्या हे तिच्या आईवडिलांशीच बोलून घ्या.

मी स्वतः शाळेत गणित शिकवते, म्हणून सांगते: तिचे दहावीचे मार्क बघू नका, एक तास समोर बसवून बघा. मुलाने 705 − 348 चं उत्तर 443 काढलंय असं समजा. खोडून 357 लिहून देणारी नको. ‘हे कसं केलंस, सांग बरं,’ असं विचारणारी घ्या. मग कळतं की पठ्ठ्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतोय, कारण मधल्या शून्याकडून उसना कसा घ्यायचा हेच त्याला उमगलेलं नाही. असं विचारायला मोठ्यांनाही जमतंच असं नाही.

फक्त, वाचन-लेखनातच मूल खूप मागे असेल तर प्रशिक्षित शिक्षकच बघा. आणि ही मुलगी पुढच्या वर्षी बारावीला जाईल, तेव्हा जानेवारीनंतर ती मिळेल हे धरून चालू नका.