मैत्रिणीचे तीन पेपर झाले, माझा एकही नाही

पीएच.डी. करणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सल्ला विचारायला आलेली ती विद्यार्थिनी इतिहासाची. तिसरं वर्ष सरत आलेलं, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद वाचायचे. रूममेट रसायनशास्त्रात, नावावर तीन पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध. इतिहासवालीने गाइडचे फोन उचलणं बंद केलेलं. "नोंदणी रद्द होण्याआधी स्वतःच सोडू का?"

रसायनशास्त्रातल्या पेपरवर बहुधा चार-पाच नावं असतात आणि गाइडचा प्रकल्प आधीपासून चालू असतो. इतिहासात लेखक बहुतेकदा एकटाच, आणि मोडीवर नजर बसेपर्यंत एकेका पत्राला दिवस जातो. पण एवढं सांगून कुणाची झोप परत येत नाही.

म्हणून आधी मुदत पाहिली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या पीएच.डी. नियमांत किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि महिलांना त्यावर दोन मिळू शकतात. पेपरची सक्ती या नियमांत नाही; विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते मात्र पीएच.डी. विभागात विचारावं. जेआरएफची (संशोधनासाठी दरमहा मिळणारी) फेलोशिप पाच वर्षांतच संपते, तेव्हा पैशाचं गणित वेगळं मांडायचं.

खरी गाठ फोनमध्ये निघाली. शेकडो फोटो, पण कुठला कागद कुठल्या रुमालातला (दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवतात, तो गठ्ठा म्हणजे रुमाल) याची नोंदच नाही. रुमाल क्रमांकाशिवाय तळटीप देता येत नाही, त्यामुळे लिहायला बसलं की पहिल्याच परिच्छेदात अडायचं. ती याला आळस म्हणत होती!

यापुढे पहिला फोटो रुमालावरच्या क्रमांकाचा, मग कागदांचे. त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये चार रकाने: रुमाल, तारीख, कुणी कुणाला, आशय एका ओळीत. शुहूर सनाचं, म्हणजे त्या कागदांवरच्या जुन्या कालगणनेचं, इसवी सनात रूपांतर नंतर. जुन्या फोटोंची वेळ वहीतल्या नोंदींशी ताडून बरेचसे जुळले. उरलेले पुन्हा काढावे लागणार. लिखाण रोज सकाळी चाळीस मिनिटं, तळटीप अडली तिथे लाल खूण करून पुढे.

गाइडना तिने दोन पानी माफीनामा लिहून ठेवला होता. असं पत्र पाठवू नये, वाचणाऱ्यालाही उत्तर सुचत नाही. त्याऐवजी चार ओळी गेल्या: काय झालं, कुठे अडलं, पुढच्या महिन्यात काय, आणि एकच प्रश्न. उत्तर आलं, "दुसरं प्रकरण राहू दे, रुमालांची यादी घेऊन सोमवारी ये."