मेंदूच्या एमआरआयमध्ये इजा दिसली तर आरोपी सुटतो का?

तुम्ही विचारलंय, चुलतभावाचा मिरजेत एमआरआय काढला, मेंदूच्या पुढच्या भागात जुन्या अपघाताची इजा निघाली, तर मारहाणीच्या केसमधून तो सुटेल का? नुसत्या फिल्मवर सुटणं अवघड आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (1 जुलै 2024 आधीची घटना असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं, म्हणजे भादंविचं, कलम 84) एकच गोष्ट बघतं: मारलं त्या वेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा हे चूक अथवा बेकायदा आहे, हे त्याला कळतच नव्हतं का? पुढच्या भागाच्या इजेत बऱ्याचदा समज शाबूत असते, आवर सुटतो. ‘कळत होतं पण राग आवरला नाही’ याला आपल्या कायद्यात माफी नाही, फार तर शिक्षा ठरवताना ते मांडता येतं. मला हा कायदा इथे तोकडा वाटतो, पण आज तो असाच आहे.

शिवाय एमआरआय मारहाणीनंतरचा आहे, त्या वेळी मनाची अवस्था काय होती हे तो सांगत नाही. सांगली कोर्टात एका आरोपीच्या आईने डॉक्टरांच्या पिशवीभर चिठ्ठ्या आणल्या होत्या, घडीवर फाटलेल्या, गोळ्यांची नावं पुसट झालेल्या. घटनेआधीचे उपचार त्यातूनच दिसले. तशा चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, शेजाऱ्यांचे जबाब आधी गोळा करा. बचाव तुम्हालाच सिद्ध करायचाय, पण संशयातीत नव्हे. ‘तसं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच सांगितलंय.

आणि पोलीस तपासासाठी ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजून गुन्ह्याची माहिती आहे का ते बघायची चाचणी) करू म्हणाले, तर आरोपीच्या संमतीशिवाय ते करता येत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी निकाल, 2010).