रंगकामात नवा आहेस, म्हणून सांगतो
अरे पोरा, संध्याकाळी दांडिया बाजारात चहाला जमलो की आम्ही रंगारी गिऱ्हाइकांच्या नकला करतो. "जरा उजळ करा, पण फार नको!" तूही हस, दिवसभराचा वैताग उतरतो. फक्त नाव-पत्ता काढायचा नाही. बडोद्यातली आपली मराठी घरं एकमेकांना ओळखतात.

गिऱ्हाइकाशी भांडण मुळात होतं ते शेडवरून, म्हणजे रंगाच्या छटेवरून. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, ओलं असताना फिकं दिसतं, सुकलं की गडद होतं, आणि गिऱ्हाईक तिथेच बिथरतं. म्हणून आधी भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना मार. पूर्ण सुकू दे. दिवसाउजेडी दाखव, रात्री दिव्यातही दाखव, मग शेड नंबर लिहून सही घे. मशीनवर रंग मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे सहीआधी डबा आणूच नकोस.