रोज बांगडा खाऊनही बी-१२ कमी कसं?

मागच्या वेळी डायबेटिसच्या गोळ्यांबद्दल लिहिताना, त्यातल्या मेटफॉर्मिनने व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं असं जाता जाता म्हटलं होतं, त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आलेत. त्यातले चार घेतोय.

मालवणहून एक काका लिहितात: वय ६४, अकरा वर्षं मेटफॉर्मिन चालू, सकाळी एक हजार आणि रात्री एक हजार. पायांना मुंग्या येतात, परवा चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही. रिपोर्टमध्ये बी-१२ फक्त १५८ आलं. आमच्या ताटात रोज मासे, मग कमी कसं?

काका, ताटात आहे हो, पण अंगाला लागत नाही ना! बी-१२ पोटातल्या एका प्रोटीनला चिकटतं आणि पार लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन रक्तात शिरतं, तिथे कॅल्शियमची मदत लागते, आणि मेटफॉर्मिन नेमकी तिथेच आडवी येते असं मानतात. म्हणजे बांगडा, तारली, तिसऱ्या, कालवं यांत बी-१२ भरपूर असतं हे खरंच, पण दारच अर्धं लावलेलं असेल तर बाहेर कितीही माल येऊन काय उपयोग. हॉलंडमधल्या एका अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ सव्वाचार वर्षांत ती न घेणाऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी झालं होतं, तो २०१० ला छापून आलाय. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त तितका धोका जास्त, आणि तुमचं दोन्ही जास्त आहे.

ती चप्पलेची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. माझ्याकडे असंच कोणी आलं की मी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो लोखंडी चिमटा असतो ना, वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतो आणि डोळे मिटायला सांगतो. चांगल्या पायाला झिणझिण जाणवते. परवा एक मावशी म्हणाल्या, "टेकवलात तरी का हो?" टेकवून पाच सेकंद झाले होते. असं झालं की सगळे "शुगरमुळे नसा गेल्या" म्हणून मोकळे होतात, कधी ते खरंही असतं, पण बी-१२ कमी झाल्यावरही पाय अगदी असेच होतात, आणि कितीतरी वेळा दोन्ही एकदमच असतं. फरक हा की बी-१२ वेळेत भरून काढलं तर सुधारणा होऊ शकते, वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर नस परत येईलच असं नाही. तुमचा आकडा २०० च्या खाली आहे आणि लक्षणंही आहेत, म्हणजे डॉक्टर बहुतेक आधी इंजेक्शनंच देतील. आणि तोपर्यंत जांभ्याच्या पाखाडीवरून अनवाणी फिरू नका, रोज रात्री तळवे बघा.

वेंगुर्ल्याहून: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग श्रावण. त्यामुळे बी-१२ उतरतं का?

नाही. लिव्हरमध्ये साठा असतो तो वर्षानुवर्षं पुरतो, दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. म्हणूनच तर गोळी सुरू केल्यावर तीन-चार वर्षं सगळं ठीक वाटतं आणि मग कळतं.

रत्नागिरीहून: आम्ही शाकाहारी, सासूबाई मेटफॉर्मिन घेतात. दूध-ताक पुरतं का, की स्पिरुलिना सुरू करू?

स्पिरुलिनाचे पैसे वाचवा, त्यात जे असतं ते बी-१२ सारखं दिसतं पण आपल्या शरीराला फारसं कामाला येत नाही. ग्लासभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, गरज दिवसाला दोन-अडीचची, म्हणजे दोन ग्लास दूध आणि वाटीभर दही रोज होत असेल तर कागदावर जमतं, पण पातळ ताक आणि चहातलं दूध धरून हिशोब करू नका. त्यात गोळी चालू आहे, म्हणून सासूबाईंचं बी-१२ आताच तपासा आणि पुढे दरवर्षी बघत जा. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तीसुद्धा बी-१२ कमी करते (आपल्याकडे ती लोक शेंगदाण्यासारखी खातात!).

चिपळूणहून: मेटफॉर्मिन बंद केली तर? आणि टेस्ट न करताच मेडिकलमधून बी-१२ ची गोळी घेतली तर?

मनाने बंद करू नका, शुगर वर जाईल आणि नसांचं आणखीच नुकसान होईल. ती चांगली, स्वस्त गोळी आहे, फक्त तिचा हा एक हिशोब सांभाळायचा. आणि पाकीट उलटून बघा, ग्लिमेपिराइड या डायबेटिसच्याच दुसऱ्या औषधाच्या कितीतरी गोळ्यांत मेटफॉर्मिन मिसळलेलीच असते, पेशंट "मी मेटफॉर्मिन घेतच नाही" म्हणत असतात. बी-१२ ची गोळी तशी धोक्याची नाही, एक हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून आतड्याचं दार अर्धं बंद असलं तरी थोडं झिरपतंच, पण आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. उलटं केलंत तर रिपोर्टमध्ये आकडा फुगलेला येतो आणि मूळ किती होतं ते कोणालाच सांगता येत नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून बिघडतच राहतात.